कोपऱ्यावरचा दुसरा गिअर

४ ऑगस्ट

चि. नटबोल्टास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

गाडी कोपऱ्यावर दुसऱ्या गिअरला आली की मी चहा टाकते, असं आई एकदा शेजारच्या शिक्षिकाबाईंना म्हणाली होती. तू तेव्हा शाळेतही जात नव्हतास. तुमचे हे दारात पाऊल टाकतात आणि चहा उकळलेला असतो, हे जमतं कसं, असं बाईंनी विचारलं होतं. आईला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

ते आज आठवलं, कारण बाबांची डिझेल या वेळी धुरापायी तपासणीत नापास झाली. महिनाअखेरीनंतर ती इथे रस्त्यावर काढता येणार नाही. गाडीशिवाय तर आमचं पान हलत नाही. सकाळी तुझ्या भाचीला कॉलेजात आणि यांना छापखान्यात सोडायचं, मग मी दातांच्या कवळ्या घडवायला. सगळा रस्ता सिग्नल ते सिग्नल. म्हणून हायब्रिड घ्यायचं ठरलंय. दोन पाहिल्या. पहिली हळू असताना नुसत्या बॅटरीवर जाते, इंजिन मागाहून जागं होतं. आवाज म्हणशील तर फ्रिज गुणगुणतो तेवढा. दुसरीचं इंजिन पहिल्यापासून चालतं, बॅटरी नुसता हातभार लावते. तिची सीट उंच, आईला चढायला सोपी. यांना पहिलीचा निळा रंग आवडलाय. त्यापुढे त्यांचं मत नाही.

पण अडलंय ते आईपाशी. बाबा गेल्यापासून मी त्यांचीच गाडी चालवते, आणि कोपऱ्यावरच्या चढाला दुसरा गिअर टाकावाच लागतो. तो आवाज आला की आई उठते. गॅस पेटवते, दोन कप मांडते आणि दाराकडे धावते. मी आत आले की माझ्या खांद्यावरून मागे बघते, हे गाडी लावताहेत का, असं बाबांबद्दल विचारते. आधी आम्ही खरं सांगायचो. दर वेळी ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी कोसळायची, म्हणून सोडून दिलं. आता मी म्हणते, येतीलच. चहा होईस्तोवर ती विसरते.

दुपारभर शिक्षिकाबाई तिच्याजवळ बसतात. गेल्या आठवड्यात त्यांच्या डोळ्यांदेखत ती धावताना उंबऱ्याला अडखळली. मनगट प्लॅस्टरमध्ये आहे. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी खुबा मोडेल. हे म्हणतात, बिनआवाजाची गाडी घेऊ, म्हणजे उठणंच थांबेल. मला पटतं, आणि पटतही नाही. तू बसडेपोत दिवसभर इंजिनात डोकं घालून असतोस, तूच सांग.

जेवणाच्या वेळा पाळ. लोभ आहे तो असाच राहू दे.

तुझी,
ताई

११ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भावोजींना रंग निवडता आला म्हणजे निम्मं काम झालं, असं त्यांना सांग. उरलेलं निम्मं माझ्याकडून. तुमच्या रस्त्याला पहिलीच बरी. थांबत थांबत जाणाऱ्याला बॅटरीचा खरा उपयोग. दुसरी लांबच्या सडकेची गाडी आहे. सीटच्या उंचीचं म्हणशील तर आईसाठी पायाखाली पाट ठेवता येईल.

आवाजासाठी दुसरी घ्यावी असं तुझ्या मनात असेल तर ते काढून टाक. पेट्रोलचं इंजिन गुणगुणतं. बाबांची गाडी खाकरते. आईचा कान माझ्यापेक्षा तिखट आहे, ती फसणार नाही. आणि ती पुन्हा पडली तर तुझ्याच्याने निस्तरणार नाही.

जुनी भंगारात घालू नकोस. आमच्या गावात अजून ती तपासणी नाही. मी येऊन घेऊन जातो, पण घरी राहणार नाही. मागच्या खेपेला आईने मला बाबा समजून हातपाय धुऊन घ्यायला सांगितलं, अहो म्हणून, आणि मी मुकाट्याने बाबांच्या खुर्चीत बसून चहा प्यायलो. तुला बरं वाटलं होतं. मला नाही. ज्यांना आपण स्मशानात पोचवून आलो त्यांच्या कपाला मी तोंड लावलं होतं. ते सोंग पुन्हा माझ्याच्याने होणार नाही, ताई. तिने मला ओळखलं नाही तरी चालेल, मी मुलगा म्हणूनच समोर येईन. यावर मला गळ घालू नकोस.

भाचीला सांग, गाडी शिकायची असेल तर जुनीवरच शीक; नवी काय, पोरंटोरंही चालवतील.

तुझ्या मायेतला,
नटबोल्ट

९ सप्टेंबर

चि. नटबोल्टास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

निळी दारात उभी आहे. घेण्याआधी मी एक केलं. विक्रेत्याला दोन्ही गाड्या आपल्या गल्लीतून हळू फिरवायला लावल्या आणि स्वतः आईशेजारी खिडकीत बसले. बिचाऱ्याला वाटलं, बाईंना शेजाऱ्यांना दाखवायची हौस आहे. दुसरी गेली तेव्हा आईने टॉवेलाची घडी घालता घालता मान जरा वर केली, खाली घातली. पहिली गेली ती तिला कळलीच नाही. तुझं खरं ठरलं.

पहिल्या संध्याकाळी मी आत आले तर आई दचकली. स्वयंपाकघरात अचानक कुणी बाई उभी असावी तशी माझ्याकडे बघत राहिली. गॅस बंद, ओटा कोरडा. हे खूश झाले. आता ती पडायची भीती नाही, म्हणाले, आणि ते खरंच आहे.

पण वाट बघणं थांबलेलं नाही रे. ती खिडकीतून उठतच नाही. आम्ही तिघं घरात असतो, दिवे लागलेले असतात, आणि ती विचारते, आज अजून कुणीच कसं आलं नाही. आधी कोपऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत बाबा रोज येत होते. तेवढा वेळ ती केस सारखे करायची, पदर नीट करायची. मला वाटलं होतं, गाडी बदलून तिचं वाट बघणं काढून घेऊ. काढून घेतलं ते येणं.

तू जुनी नेलीस तेव्हा आईला तो आवाज जाऊ नये म्हणून ती कोपऱ्याच्या अलीकडूनच वळवून नेलीस, हे मला कळलं.

तुझी,
ताई

२० सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोबत फोनवर जुनीचा आवाज टिपून पाठवलाय. आमच्या डेपोमागच्या चढावर दुसऱ्या गिअरला नेऊन घेतला. एकदा लावून बघ. याहून जास्त माझ्याकडून मागू नकोस. गाडी ठणठणीत आहे, क्लच बदलला. रोज डेपोत तीच घेऊन जातो. सगळे हसतात, की बसची इंजिनं दुरुस्त करणारा स्वतः धूर सोडत येतो.

आईला माझा नमस्कार. माझा म्हणून सांग.

नटबोल्ट

२ ऑक्टोबर

चि. नटबोल्टास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

आवाज लावला. आधी टेबलावर, मग भाचीने फोन खिडकीबाहेर धरला. आईने कान दिला आणि म्हणाली, कुणाची तरी गिरणी चाललीय. तो आवाज जवळ येत नव्हता ना. एका जागी उभा राहून खाकरत होता.

आता ती जेवण बाजूला सारते. डॉक्टरांनी रक्त तपासलं, काही सापडलं नाही. शिक्षिकाबाई भरवायला गेल्या तर म्हणाली, ते आल्यावर बसू. वजन इतकं उतरलंय की परवा तिला उचलून निळीत बसवलं, पाट लागलाच नाही. डॉक्टर तारीख सांगत नाहीत, पण यांना बाजूला घेऊन बोलले.

तू गळ घालू नकोस म्हणाला होतास. घालतेय. तुझं उत्तरही मला ठाऊक आहे, आणि ते चूक आहे असं मी म्हणणार नाही. पोचवून आलेल्या माणसाच्या खुर्चीत बसणं काय असतं, हे तू बसलास म्हणून तुला कळतं. मी नुसती बघत होते.

मी रजा घेतलीय. दाराशी उभी राहीन, ती उठली की धरीन, पडू देणार नाही. उंबऱ्यावर यांनी उतरती फळी बसवलीय. बाबांचा कप ओट्यावर काढून ठेवलाय.

एक संध्याकाळ जुनी घेऊन ये. कोपऱ्यावर दुसरा गिअर टाक. तिने हातपाय धुवायला सांगितलं तर धू, आणि तिच्यासमोर चहा पी, ती दोन घास खाईपर्यंत. लोभ असावा, असं लिहायची रीत आहे. तू रागावून आलास तरी चालेल, पण ये.

ताई