पूजेतला बेल्ट

३० सप्टें., मंगळवार
हडपसर, दिवस सहावा. जुन्या कारखान्याच्या शेडचे पत्रे बदलतोय. माणसं वर चढायच्या आधी माझं रोजचं प्रवचन: बेल्ट घाला, हुक दोराला अडकवा, बोल्टच्या रेषेवरूनच चाला, तिथेच खाली लोखंड असतं, फायबरच्या पत्र्यावर पाय नको. उजेडासाठी बसवलेले हे फायबरचे पत्रे धुळीने इतके मळलेत की सिमेंटच्या पत्र्यांत ओळखूच येत नाहीत. काल सगळ्यांवर चुन्याने फुल्या मारून घेतल्या.

देविदास म्हणाला, "भाऊ, तुमचं भाषण मला झोपेतही पाठ आहे." म्हटलं, पाठ असू दे, वर मात्र जागा राहा. यवतमाळकडचा, चार वर्षं माझ्या हाताखाली. माझ्या साइटवर नऊ वर्षांत कोणी पडलेलं नाही. हे सांगताना छाती फुगतेच जरा.

१ ऑक्टो., बुधवार. खंडेनवमी
हॉस्पिटल. क्रमाने लिहितो.

सकाळी हत्यारांची पूजा. ड्रिल, पाने, कटर पुसून मांडले. बेल्ट आणि दोरही मांडा, असं मीच सांगितलं. जीव राखतात, त्यांचा मान पहिला. हार, हळदकुंकू, नारळ. पूजेतलं दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, म्हणून काम बंद. पेढे घेऊन सगळे घरी गेले. आवरायला मी आणि देविदास.

तेवढ्यात कारखान्याचे मॅनेजर. शेजारच्या शेडवर पत्र्याचा तुकडा लोंबतोय, खाली माल आहे, तेवढा बांधून द्या. देविदासने विचारलं, "भाऊ, पूजेतला बेल्ट काढू का?"

"पूजा मोडू नकोस. पाच मिनिटांचं काम. जा."

नुसती तार खिशात घालून गेला. त्या शेडवर फुल्या नव्हत्या. तिसऱ्या-चौथ्या पावलाला फायबर गेलं. अठरा फूट. खाली पुठ्ठ्याची खोकी होती म्हणून जिवंत आहे. कंबरेचा मणका. पाय हलत नाहीत.

जा म्हणालो मी. मीच.

२ ऑक्टो., दसरा
शुद्धीवर आहे. त्याची बायको सुनंदा कालपासून बाकावर बसून. मला बघताच म्हणाली, "भाऊ, तुम्ही रोज सांगत होते ना यायले, बेल्ट घाला म्हणून? ऐकलं असतं तर हे दिवस आले असते का?"

देविदास सलाइनच्या बाटलीकडे बघत राहिला. मीही तिकडेच. ती चहा घेऊन आली. मी तो प्यायलो. आपट्याची पानं खिशातच राहिली.

४ ऑक्टो., शनि.
आमच्या ठेकेदार मालकांनी अपघाताचा रिपोर्ट तयार करून आणला. 'बेल्ट साइटवर उपलब्ध होता. कामगाराने वापरला नाही.' यातलं एकही वाक्य खोटं नाही, तेच तर वाईट. सही केली.

मग म्हणाले, बेल्टचा फोटो जोडा. बेल्टवर कुंकू. ओल्या फडक्याने तीनदा पुसलं, गुलाबी होऊन पट्ट्यात मुरलं. डागाची बाजू खाली करून फोटो काढला. "छान आलाय," मालक म्हणाले. लाज वाटली. काढला तरीही.

९ ऑक्टो., गुरु.
काम पुन्हा सुरू. आता दोन्ही शेडवर फुल्या, खाली जाळी. आता. सकाळी प्रवचनाला उभा राहिलो. "बेल्ट घाला रे" एवढंच बोललो.

जेवताना विषय निघाला. "एवढा जुना माणूस, बेल्ट घालायला काय झालं होतं त्याला?" सगळे माना हलवत होते. माझा डबा तसाच बंद केला. आता गावभर त्याचं नाव हलगर्जी म्हणून होणार, आणि तोंड उघडलं तर माझं. मी कोणाचं वाचवतोय ते कळतंच आहे.

१३ ऑक्टो., सोम.
डाव्या पायाचा अंगठा हलला! डॉक्टर म्हणतात, घाई करू नका, बघू.

सुनंदा औषधं आणायला खाली गेली तेव्हा देविदास हळूच म्हणाला, "भाऊ, मी कोणाला काही सांगितलं नाही. हिलेही नाही. तुमचंही घर आहे."

सुटलो असं वाटलं. खरंच वाटलं, लिहून ठेवतो. मग जिन्यात येऊन बराच वेळ बसलो.

१५ ऑक्टो., बुध. दुपार
उद्या अकराला सरकारी निरीक्षक देविदासचा जबाब घ्यायला जाणार. आत्ता त्याचा फोन. "भाऊ, उद्या काय सांगू? तुम्ही म्हणाल ते सांगतो."

अर्ध्या तासात फोन करतो म्हणालो. दोन तास होऊन गेले. बेल्ट पिशवीत घातलाय, या खेपेला डाग वर करून. पिशवी दारापाशी नेली, परत आणली. मुलीची फी, मालकांचा चेहरा, माझी सही, सगळं डोक्यात फिरतंय.

त्या दिवशी उत्तर द्यायला मला क्षणभरही लागला नव्हता. आणि तो त्या दिवशीही मला विचारूनच वर गेला होता.

फोन समोर आहे. तो वाट बघत असेल.