ठमीची साय, चांदीची फॅट

७ सप्टेंबर १९८७, सोमवार
वामनला कंपनीने दिलेली डायरी आठ महिने कोरी पडली होती. मी घेतली. रात्रीच्या वर्गात शिकलेली अक्षरं गंजायला नकोत. कोणी वाचायची नाय.
आधी चांगलं. नात ठमी सात महिन्यांची झाली. दोन दात. मला बघून हसते. दाराशी कोंबडी आली तरी हसते, पण मला बघून जास्त.
आता दुसरं. वामन म्हणतो, आये, म्हशीच्या पायी किती दिवस उमरोळीत बसायचं, बोईसरला कंपनीजवळ खोली मिळतेय, म्हैस विकू आणि जाऊ. तू पण चल म्हणतो. दहा बाय दहाची खोली. मी काय खुंटीला लटकू? शेवटी ठरलं. दिवाळीपर्यंत चांदीने आपली पेंड भागवून घरात चार पैसे आणले तर राहायचं. चांदी म्हणजे आमची म्हैस, कपाळावर पांढरा टिळा. आणणारच.

८ सप्टेंबर, मंगळवार
डेअरीत नवीन मशीन आलं. आता नुसतं माप नाय, फॅट बघून भाव. दूध घेणारा पुंडलिक सगळ्यांना समजावत होता, दूध जेवढं जाड तेवढा भाव. मी म्हटलं, मग आमचीच चांदी. गावात तिच्यासारखं जाड दूध कोणाचं नाय.
भाव वाढला की पहिलं ठमीला पैंजण.

१० सप्टेंबर, सकाळ
चांदीची फॅट पाच पूर्णांक सहा. समोरच्या हंसाच्या मरतुकड्या म्हशीची सहा पूर्णांक चार. मशीनला अजून सवय नाय.

१४ सप्टेंबर
परत पाच पूर्णांक सहा. पुंडलिक हळूच विचारतो, आजी, पाणी पडतं का थोडं? चारचौघांत. चाळीस वर्षं दूध घालते, थेंब पाणी घातलं असेल तर हात झडो, म्हटलं. चरवी आणि पातेलं विसळून ते दुधात ओतते, ते काय पाणी? ते दूधच. सगळं जग ओततं.

२० सप्टेंबर, रविवार
माझी रीत लिहून ठेवते, शकूला पुढे कामाला येईल. (शकू म्हणजे सून. शिकलेली, पण म्हशीजवळ जात नाय.) डेअरीची गाडी एकवेळच, सकाळची. म्हणून रात्रीचं दूध घंगाळातल्या गार पाण्यात ठेवायचं. सकाळी वर साय येते. ती वाटीभर काढायची. अर्धी ठमीच्या अंगाला चोळायची, अर्धी तिला चाटवायची. शकू तेव्हा विहिरीवर असते. मग सकाळच्या धारेचं दूध मिसळून डेअरीत.
डेअरीला दूध पाहिजे, दूध जातं. साय घरची.

२ ऑक्टोबर, दसरा
फॅट पाच पूर्णांक चार. व्होल्टेजचा दोष. तारापूरची वीज कुठल्या कुठे जाते आणि इथे शेजारी पुंडलिकचा दिवा मिणमिणतो, मशीन तरी काय करणार. त्याला सांगितलं. तो म्हणाला, आजी, हंसाताईच्या दुधाला व्होल्टेज पुरतं. फार बोलतो.
उद्यापासून चांदीला सरकी पेंड दुप्पट. खर्च आहे, पण दिवाळीपर्यंतच.

६ ऑक्टोबर
ठमीचं पोट बिघडलं. रात्रभर कण्हत होती, आम्ही सगळे जागे. शकूने परवा कोलीम खाल्लं, ती बारीक कोळंबी, दुसरं काय. चिंचणीची मासेवाली दारात आली की हिला राहवत नाय. मी म्हटलं, अंगावर पाजणारीने तोंड आवरावं. ती ठमीला घेऊन आत गेली. वामन बोलला.

९ ऑक्टोबर
ठमी वाळली. हसत नाय. अंगात ताकद यायला पाहिजे म्हणून आता दोन वाट्या साय काढते. पेंड वाढवली त्याचा गुण, साय छान येते.
फॅट पाच. नजर लागली. मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या, आधी ठमीवरून, मग चांदीवरून. मशीनवरून पण ओवाळणार होते, पुंडलिकने हाकललं.

१३ ऑक्टोबर
पालघरला डॉक्टरकडे गेलो. वरचं काय देता, विचारलं. शकू म्हणाली, भाताची पेज फक्त. मला कोणी विचारलं नाय. आणि साय म्हणजे काय खाणं नव्हे. डॉक्टर म्हणाले, तेल-तूप, जड काही देऊ नका. शकूने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीतून एसटी बघत होते.

२३ ऑक्टोबर, पाडवा
चांदीने पेंडीपुरतंही आणलं नाय. वामनने आवाज चढवला नाय, हेच वाईट. म्हणाला, आये, पोर दवाखान्याजवळ असलेली बरी. चांदी हंसाने घेतली. समोरच बांधली, म्हणून मी हो म्हटलं. जाताना मागे वळून बघेल वाटलं. नाय बघितलं. पेंडीच्या पाटीकडे गेली.

१ नोव्हेंबर, रविवार
तिघं बोईसरला गेली, मी इथेच राहिले. आज बघून आले. ठमीचं पोट आठ दिवसांत बरं. गालांवर खळ्या आल्या, हसली. हवापालट. तिकडची हवा धुराची, तरी मानवली म्हणायची. शकूने चहा दिला, पिशवीच्या दुधाचा. येताना म्हणाली, आत्याबाई, पुढच्या वेळी डबा आणू नका. हंसाकडून मागून नेलेला सायीचा डबा मी पिशवीतून काढलाच नव्हता.

८ नोव्हेंबर
हंसाने चिठ्ठी दाखवायला मुद्दाम हाक मारली. चांदीची फॅट सात पूर्णांक एक. मशीन दुरुस्त झालं, पण माझी म्हैस गेल्यावर. पुंडलिकला विचारलं, कधी केलं दुरुस्त? तो म्हणाला, आजी, ते बिघडलंच कधी होतं?

१५ नोव्हेंबर, रविवार
हंसाकडून अर्धा लिटर घेतलं, पैसे मोजून. चांदीचंच. रात्री पाण्यात ठेवलं. सकाळी साय आली, चमचा उभा राहील अशी. सवयीने वाटीत काढली. मग बसले. घरात कोण आहे?
खालचं दूध पेल्यात ओतून दारातल्या उजेडात धरलं. निळसर, पातळ. पेल्याआडचं माझं बोट दिसलं. चाळीस वर्षांत खालचं कधी बघितलंच नव्हतं.
साय परत दुधात घातली, पळीने ढवळली. मिसळली नाय. तुकडे तुकडे होऊन वरच फिरत राहिली.