तुमच्या पिंडासमोर न दिलेला शब्द

मामा,

आज सकाळी धरणाच्या काठावर तुमची दशक्रिया झाली. तुमच्या पिंडाला कावळा शिवला नाही. त्यावरून माझ्याकडून जे वदवून घ्यायचं चाललं होतं, त्याचं उत्तर तुम्हालाच द्यावं म्हणून लिहायला बसलो.

माईकवरून एका पुढाऱ्याने तुम्हाला निसर्गप्रेमी म्हटलं. निसर्गप्रेमी! तुम्ही?

थंडीत धरणावर बदकं उतरतात. तराफ्यावर वाकून जाळं ओढणाऱ्या माणसाला ती भीत नाहीत, बिनधास्त जवळ येतात. तुम्ही त्याचाच फायदा घेतलात. मी जाळं ओढायचो आणि माझ्या पाठीमागे गोणपाटाखाली तुम्ही बंदूक घेऊन आडवे! याला शिकार म्हणायची? नको म्हटलं, की "मामाला न्हाई म्हंतो व्हय रं?"

बरं, घरी चूल पेटत नव्हती म्हणून मारलीत का? छे! जुन्नरच्या पाहुण्यांच्या पार्टीसाठी. त्यांनी पाठ थोपटली की तुम्ही फुगायचात. आणि वनखात्याची गाडी दिसली की? "सायेब, तराफा भाच्याचा हाय." तराफा जप्त झाला असता तर मी खाल्लं काय असतं, मामा?

आज कावळे समोरच्या बाभळीवर बसून नुसते बघत होते. तुमचा जोडीदार बबन माझ्या कानाशी आला. "त्यांचा जीव शिकारीत अडाकलाय. शबूद दे. म्हन, पावण्यांना तराफ्यावर न्हेईन."

"म्हन की लवकर, ऊन लई झालं," मागून कुणीतरी ओरडलं.

"कावळ्याला बी बंदुकीचं भ्या वाटत आसंल, राव!" दुसरा म्हणाला. गुरुजींनाही हसू आवरेना.

मग मामी रडत म्हणाल्या, "दे बाबा, सुटू दे त्यास्नी."

पिंडासमोर दिलेला शब्द मागे घेता येत नाही. म्हणूनच बबनला तो तिथे हवा होता. मी तो दिला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि लोक जेवायला उठले.

"मामाला उपाशी धाडलंस," बबन म्हणाला.

धाडलं. मरतानासुद्धा माझ्याच तराफ्यावर डोळा ठेवून गेलात, तर दुसरं काय होणार?

मामींच्या घरी बाजाराच्या दिवशी मासे पोचवीन, त्यांचं दुखलंखुपलं बघीन. पण माझ्या तराफ्यावर बंदूक चढणार नाही. तुमच्या पाहुण्यांची नाही, बबनची नाही. शब्दच हवा होता ना? हा घ्या.

तुमचा भाचा,
दत्तू