पाटनहून यायला उशीर

चि. अपूर्व, सुखरूप ये.

साडेसहा झाले, तू पाटनहून आला नाहीस. फोन समोरच आहे. तो लावायचा नाही, म्हणून हे लिहून राहिले.

तुझे बाबा रिछाईहून येताना अपघातात गेले, त्या दिवशी मी फोन केला नव्हता. केला असता तर ते थांबले असते, वाचले असते, हे चार वर्षं डोक्यातून जात नाही. म्हणून तुला जरा उशीर झाला की फोन लावते. काल सलोनी म्हणाली, "आई, तुमचा फोन हे चालत्या गाडीवरच उचलतात. मलाच धडकी भरते." मी सुनेवर चिडले, पण ती खरं बोलली.

वाचनालयातल्या पुस्तकात सांगितलंय, एका बाजूला भीती लिहा, दुसऱ्या बाजूला जे ठाऊक आहे ते. भीती: तू रस्त्यात पडला आहेस. ठाऊक: तुला उशीर झाला आहे. एवढंच. तरी हात फोनकडे जातो आहे.

फाटक वाजलं. तू दारातूनच ओरडतो आहेस, "आई, बरी आहेस ना? आज फोन काहून नाही केला?"

कणीक मळत होते, असं सांगेन.

तुझी आई