योगिनी का दमते?

१५ जानेवारी, बुधवार

योगिनी आज पुन्हा मागे पडली! शेवटच्या तीन फेऱ्यांत पाय उचलेनात. थांबवलं, नाडी बघितली — बराच वेळ झाला तरी खाली येईना. "सर, बरी आहे मी. काल तिळगूळ जास्त झाला." तिळगुळाने माणूस दमतो होय?

निवड चाचणी २३ मार्चला, पुण्यात. दहा हजार मीटर. शाळेत जन्मभर पी.टी. शिकवली, निवृत्त झालो तरी क्रीडासंकुलातली पहाट सोडली नाही, आणि माझं एकही पोर अजून राज्याच्या संघात गेलेलं नाही. ही जाईल असं मला मनापासून वाटतं. सातवीत असताना अनवाणी पळून तिने नववीच्या मुलांना मागे टाकलं होतं. आता बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. वडिलांनी आंबिवलीला घर घेतल्यापासून तिथून येते, तरी साडेपाचला हजर. उशीर म्हणून कधी नाही.

काहीतरी बिघडलंय. काय ते कळत नाही.

१८ जानेवारी

रक्त तपासून घेतलं. हिमोग्लोबिन छान, थायरॉईड ठीक, साखर ठीक. एवढे चांगले रिपोर्ट माझेही नाहीत! मग का दमते?

२१ जानेवारी

पहाटे एमआयडीसीकडून वास येत होता. आज त्यालाच दोष देऊन मोकळा झालो. पण वास सगळ्यांनाच येतो, आणि बाकीची पोरं टणाटण पळत होती.

२५ जानेवारी, शनिवार

सराव झाल्यावर प्रमोदिनीने योगिनीला घरी बोलावलं. थालीपीठ केलं होतं. मला म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर पेपर वाचा." आपल्याच घरात आपल्याला बाहेर काढतात! वाचत बसलो. आतून बोलण्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते.

ती गेल्यावर बायको म्हणाली, "चार महिने पाळी नाही तिला. रात्री झोप लागत नाही. भूक नाही. आणि तुम्ही तिची नाडी मोजत बसा."

एवढ्या मुलींना पळवलं, आणि हे कधी विचारलं नाही. विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं. "तुम्हाला नसेल विचारता येत, पण मला तरी सांगायचंत," म्हणाली. खरं आहे.

२९ जानेवारी

डॉक्टरीणबाईंकडे नेलं. प्रमोदिनीही होती बरोबर. बाई तरुण आहेत, खेळाडूंचं बघतात. त्यांनी योगिनीला विचारलं, "दिवसाला किती पळतेस?" मी सांगितलं — सकाळी तासभर, फार तर सव्वा तास, सोमवारी सुट्टी. "एवढंच?" एवढंच, म्हटलं. योगिनी टेबलावरच्या काचेकडे बघत होती.

बाई म्हणाल्या, एवढ्या सरावाने शरीर असं थकायला नको. पण लांब पळणाऱ्यांमध्ये हे दिसतं — रिपोर्ट सगळे चांगले, आणि माणूस मात्र रोज थोडा थोडा खचत जातो. शरीराला मिळतं त्यापेक्षा खर्च जास्त होतो. सराव कमी करा, खाणं वाढवा, थांबावं लागलं तर थांबा. किती दिवस ते सांगता येणार नाही म्हणाल्या.

माझ्या पद्धतीत त्यांनी काही खोट काढली नाही. बाहेर पडताना जरा बरं वाटलं.

२ फेब्रुवारी

सराव निम्म्यावर आणला. तिला म्हटलं, चाचणी गेली खड्ड्यात, तू आधी नीट हो. तिचे डोळे भरून आले. हल्ली जरा काही बोललं की भरतात.

चाचणी गेली खड्ड्यात, हे मी तोंडाने म्हटलं. मनात तसं नव्हतं.

९ फेब्रुवारी, रविवार

सराव निम्मा, थकवा दुप्पट! आज चौथ्या फेरीत बसलीच. मातीत, मांडी घालून, लहान पोरीसारखी. उठवायला गेलो तर हात गार.

आणखी एक. मोबाइल वाजला की ती लांब कुंपणापर्यंत जाते आणि हळू आवाजात बोलते. "हो... हो, येते... नाही, विसरले नाही." मुलगा असणार. वय आहे, असू दे. पण चाचणीपर्यंत दम धरता येत नाही? प्रमोदिनीला बोललो, तर "असला तर असू दे. तुम्ही काय तिचा ठेका घेतलाय?"

ठेका नाही. पण माझी मुलगी असती तर याहून जास्त काळजी केली असती असं वाटत नाही.

१४ फेब्रुवारी

तिने श्रियाला झापलं. श्रिया आठवीतली, तिच्यामागे शेपटासारखी फिरते. बाटली द्यायला उशीर केला म्हणे. नंतर स्वतःच कोपऱ्यात जाऊन रडली. ही आमची योगिनी नव्हे.

२० फेब्रुवारी

आता फक्त चालायचं, आणि वाटलं तर दोन फेऱ्या हळू. तरी चेहरा उतरलेलाच. सर्दी तीन आठवडे जात नाही. माझ्याकडून कमी करण्यासारखं काही उरलंच नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

बाजारात दिपेश भेटला. माझा जुना विद्यार्थी, ठाण्याला बँकेत आहे. पाया पडला. "सर, तुमची योगिनी काय पळते हो! रोज संध्याकाळी दिसते मला स्टेडियमवर. शिवानी मॅडमच्या बॅचमध्ये ना? सॉलिड घेतात त्या. दोन-दोन तास सोडत नाहीत."

मी म्हटलं, हो.

मेथी घ्यायची राहिली. घरी आल्यावर बोलणी खाल्ली.

२५ फेब्रुवारी

ठाण्याला गेलो. प्रमोदिनीला सांगितलं, चष्म्याचं बघून येतो.

वरच्या पायऱ्यांवर बसलो. योगिनी होती. निळा शर्ट, त्यांच्या बॅचचा. मी कधी पाहिला नव्हता. शिवानी मॅडम तिशीच्या असतील, हातात घड्याळ, आवाज खणखणीत. वेगाच्या फेऱ्या चालल्या होत्या. एक झाली की मॅडम काहीतरी सांगायच्या, आणि योगिनी मान डोलवायची — खाली बघत, दोनदा. माझ्यापुढे डोलवते तशीच. मला वाटायचं ती फक्त माझ्यापुढे डोलवते.

सहाव्या फेरीनंतर भिंतीपाशी जाऊन ओकली. चूळ भरली. परत येऊन रेषेवर उभी राहिली! मॅडम फोनवर होत्या, त्यांना दिसलं नसावं. मला दिसलं. ओरडावंसं वाटलं. उठलोही. मग म्हटलं, कोण मी इथे? आणि तसाच परत आलो.

२६ फेब्रुवारी

सगळ्यांना सुट्टी दिली. पाय दुखतो म्हणून कळवलं. पाय दुखत नाही.

२७ फेब्रुवारी

राग जात नाही. आठ वर्षं! सांगितलं असतं तर मी काय खाल्लं असतं तिला? शिवानी मॅडमचाही राग येतो. विचारायला नको, मुलगी आणखी कुठे पळते का?

मग संध्याकाळी चहा घेताना एकदम आठवलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं. सरळ तिलाच विचारलं होतं, किती पळतेस. उत्तर मी दिलं. त्यांनी पुन्हा विचारलं, आणि पुन्हा मीच दिलं! माझं बोलणं झाल्यावर तिने काय बोलायचं होतं? सर खोटं बोलतात, असं? चहा गार झाला. प्रमोदिनीला सगळं सांगितलं — ठाणं, पायऱ्या, ओकारी, सगळं. ती रागावली नाही. म्हणाली, "आधी तिच्या वडिलांना भेटा. आणि तिकडे जाऊन भाषण नका देऊ."

१ मार्च, शनिवार

आंबिवलीला गेलो. योगिनी कॉलेजात होती. महिपत रात्रपाळी करून आलेला. डोळे लाल, तरी शर्ट बदलून बसला माझ्यासमोर. केमिकल कंपनीत आहे. कलावतीबाईंनी पोहे केले.

"तुमाला कळलां तर," तो म्हणाला. मान खाली. "सर, त्या मॅडम नोकरीचं बघतायत. खेळाडूंच्या कोट्यातून. त्यांनी ऑगस्टात बोलावली. ती म्हणाली, पप्पा, मी आधी सरांना सांगते. मीच बोललो, नको. सरांना काय वाटंल? त्यांनी हाताला धरून पळायला शिकवलंन, आणि आता चांगलं दिवस आलं तर त्यांना सोडायचं? सकाळचं सरांकडं जा, संध्याकाळचं मॅडमकडं जा. दोघांची पण मनं राहतील."

दोघांची मनं राहतील!

कलावतीबाई आतून म्हणाल्या, "रात्री उठून बसते हो ती. पाय दाबून देते मी."

मला महिपतवर चिडता येईना. माझ्या भिडेपोटी त्याने केलं. आणि ही भीड घातली कोणी? मीच. प्रत्येक बक्षीस समारंभात सांगत आलो, माझी मुलं मला सोडून जात नाहीत म्हणून. अभिमानाने सांगायचो. पोरगी समोरच बसलेली असायची.

२ मार्च

साडेपाचला आली. पळायला दिलं नाही. पायरीवर बसवलं, शेजारी बसलो.

"ठाण्याला जातेस."

ताडकन उठली. काल घरी बोलले नसावेत तिच्याशी. "सर, मी सांगणार होते."

"कधी?"

"रोज."

बाकीची पोरं फेऱ्या घेत होती. मी ठरवून गेलो होतो तेच सांगितलं — उद्यापासून इथे यायचं नाही. मॅडमना सगळं सांग, इथलंही, डॉक्टरांचंही. आधी आराम कर. मग त्या सांगतील तेवढंच. नोकरीचं होत असेल तर चांगलंच आहे.

"सर, रागावलात?"

"नाही."

खोटं. राग होताच, आणि त्याहून जास्त वाईट वाटत होतं. पाया पडायला वाकली, तर मी मागे सरकलो. का सरकलो? डोक्यावर हात ठेवायला हवा होता. ती फाटकातून गेली तेव्हा श्रिया मला विचारत होती, ताई आज लवकर का गेली. सांगितलं, तिला झोप हवी आहे.

५ मार्च

शिवानी मॅडमना फोन करावा असं दोनदा मनात आलं. नंबर दिपेशने दिलाय. पण काय बोलू? माझी पोरगी सांभाळा? केला नाही.

९ मार्च, रविवार

मुलांना आता रोज विचारतो, झोप लागली का, काय खाल्लं. हसतात मेली! मुलींना सांगून टाकलंय, काही असेल तर काकूंशी बोला. दोघी येऊन बोलूनही गेल्या. काय ते मी विचारलं नाही.

साडेपाच वाजता फाटकाकडे बघायची सवय मात्र जात नाही.

१४ मार्च

धुळवड. कोणीच आलं नाही. एकटाच चार फेऱ्या चाललो.

योगिनीचा फोन नाही. मीही केला नाही. त्यांच्याकडे रुळली असेल. आता बरी पळत असेल, एकाच ठिकाणचं करायचं म्हटल्यावर. तसंच व्हायला हवं. तसं झालं की वाईट का वाटावं?

२२ मार्च

उद्या चाचणी. प्रमोदिनी म्हणते, "जाऊन या ना पुण्याला. लांबून बघा." मला कोणी बोलावलंय? पहिल्यांदाच राज्याच्या संघात माझं पोर जाईल, आणि नाव लागेल दुसऱ्याचं! लागू दे. देवापुढे बसून मागितलं, पहिल्या तिघींत येऊ दे. मग थोडा वेळ तसाच बसलो आणि म्हटलं, नाही आली तरी चालेल, पण ओकायला लागू नये.

२३ मार्च, रविवार

सकाळी शिवानी मॅडमचा फोन. पुण्याहून. "सर, योगिनी तुमच्याबरोबरच आहे ना? दोनदा नाव पुकारलं तिचं. शेवटचे तीन आठवडे सरांकडे करते, परस्पर मैदानावर येते, असं म्हणाली होती मला."

मी म्हटलं, माझ्याकडे नाही. मी तर तुमच्याकडे पाठवली होती.

महिपतला फोन लावला. "घरातच हाय की, सर. चाचणी पुढं गेली म्हणाली. आराम करायला तुमीच सांगितलात ना? तीन आठवडे नुसती जेवते आणि झोपते. आता पण झोपलीय. उठवू काय?"

नको म्हटलं.