लग्नाच्या पेटीचा साचा

मी, श्रीमती सिंधू उद्धव वाडेगावकर, वय ५८, शिक्षण मॅट्रिक, राहणार अमरावती, कुलस्वामिनीला हात जोडून हे मृत्युपत्र लिहिते. प्रकृती ठीक, बुद्धी शाबूत, कोणाचा दाब नाही. आज आनंदाच्या भरात, घाईघाईने लिहिते आहे. अक्षर वाकडे दिसले म्हणून कोणी वाद काढू नये. आधीचे मृत्युपत्र आज रद्द समजावे.

१. राहते घर चिरंजीव वसंत याला. पोस्टातील शिल्लक अकोल्याची कन्या सौ. तारा हिला. तिला माझी लग्नातली सागवानी पेटीही कबूल केली होती. ती आता देता येत नाही. का, ते खाली येईलच. बदल्यात माझ्या पाटल्या घ्याव्यात व रुसू नये.

२. बडनेरा रस्त्यावरचा सिमेंटकामाचा कारखाना. कै. यजमानांनी तो सुरू केला. जाळ्या होतात, कठड्याचे खांब होतात, पण चालतो तो तुळशी वृंदावनांवर. जाळ्यांना पत्र्याचे साचे पुरतात, खांबांना लाकडी. वृंदावनावर मात्र मोर आहेत, आणि ताठ साचा ओढला की मोरांच्या चोची साच्यातच राहतात. म्हणून यजमान सरस वितळवून नमुन्यावर ओतत. थिजला की तो रबरासारखा लवतो, सालीसारखा सोलून निघतो, चोच शाबूत.

तेरा वर्षे मी त्याला झाडाचा डिंक समजत होते. यंदा माघात सरसाच्या भांड्याचा वास आला म्हणून देवमन मिस्त्रीला विचारले. तो खाली पाहत म्हणाला, "बाई, थो हाडा-कातड्याचा असते. मालकानं सांगू नोको म्हनलं होतं."

माझ्या अंगणातले वृंदावनही त्याच साच्यातले! तेरा वर्षांच्या प्रदक्षिणा! यजमानांशी याबाबत वर गेल्यावर बोलेन. वसंतालाही ठाऊक होते. "आई, सरस काय सिमेंटला चिकटून येतो?" म्हणे. मी सांगून टाकले, पाडव्यापर्यंत शुद्ध साचा सापडला तर ठीक, नाहीतर वृंदावने कायमची बंद.

प्लॅस्टरचा केला, तो दुसऱ्याच खेपेला फुटला. मेणाचा केला, तो उन्हात बसला. नव्या सागवानाचा केला, तर त्याने सिमेंटचे पाणी पिऊन, फुगून, मोराची मानच मोडली. माझे दीर बापूसाहेब वकील चहा पिता पिता हसले, "वहिनी, आता होळीच्या गाठ्यांच्या साच्यात ओता सिमेंट!"

सून सौ. वच्छला तेव्हा साखरेच्या गाठ्यांचेच साचे भिजत घालत होती. ती हसली नाही. ओला साचा घेऊन माझ्यापुढे आली. "आई, हा कुठं ओढावा लागते? दोरी सोडली की दोन्हीकडे उघडते. अन् भिजवला की साखर धरत नाही."

देवमनने तो उलटसुलट पाहिला. "दोन फाकांनं भागत नाही. मोराले सहा लागतीन. अन् पानी नाही, जवसाचं तेल पाजा लागीन. लाकूड मातर जुनं पायजे, हललं नाही पायजे."

असे लाकूड घरात एकच होते, चाळीस वर्षे वाळलेले, बोटबोट जाड. पेटी मीच रिकामी केली. परतवाड्याच्या सुताराने तिच्या फळ्यांत मोर उलटे कोरले.

पाडव्याला ओतले. आज सकाळी दोरी सोडली, एकेक फाक तिच्या तिच्या दिशेने काढली. चारही मोर, चारही चोची! मी टाळ्या पिटल्या. देवमन ओरडला, "बाई, हळू! कच्चं हाय अजून!"

३. सबब कारखाना जागेसह, व हा सहा फाकांचा साचा, सौ. वच्छला हिला. आधीच्या मृत्युपत्रात कारखाना वसंताच्या नावे होता. त्याने तिच्या हाताखाली काम करावे; जाळ्या तो सुरेख करतो. देवमनची मिस्त्रीगिरी तहहयात. जवसाचे तेल घाण्यावरचे, ताजे कढवून. काटकसर म्हणून उरलेले वापरू नये. हे मी सांगते आहे, मी!

४. या पत्राची अंमलबजावणी बापूसाहेबांनी करावी. कायदा त्यांना येतो. मोबदला म्हणून सरसाचे भांडे त्यांना दिले आहे.

५. अंगणातले जुने वृंदावन मी फोडायला निघाले होते. वच्छला आडवी आली. "आई, तुळस कधी वाळली का त्यात?" नाही वाळली. तुळशीला चालले, तर मी कोण? ते राहू द्यावे.

६. आजचे वृंदावन कारखान्यात गोणपाटाखाली आहे. एकवीस दिवस ओले राहिले पाहिजे. मध्येच मला बोलावणे आले तर रडा, दिवस करा, पण सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी शिंपडा. सुतकात तुळशीला पाणी घालत नाहीत हे मला ठाऊक आहे. त्यात तुळस अजून लावलेली नाही.

वरील मजकूर मीच लिहिला, मोठ्याने वाचला, व साक्षीदारांसमक्ष सही केली.

(सही) सिंधू उद्धव वाडेगावकर

साक्षीदार:
१. (सही) मोतीराम गणोजी ठाकरे, निवृत्त पोस्टमास्तर
२. (सही) इंदूबाई राजनेकर, शिक्षिका, शेजारी

अमरावती, शुक्रवार, दि. २९ मार्च १९६३