काचेपलीकडचे चूपराव

शनिवार, सोळा तारीख
सकाळी, चहा झाल्यावर

प्रिय आई,

नमस्कार मागाहून करते, आधी डोळ्यांत औषध घातलंत का ते सांगा. नसेल तर पत्र खाली ठेवा, औषध घाला आणि मगच पुढे वाचा.

इकडे सगळं ठीक. तुमच्या खोलीतला पंखा आता कुरकुरत नाही. तुम्ही वन्संकडे गेल्यापासून शेजारीण तुमची रोज चौकशी करते आणि जाताना साखर मागते. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. फोन का नाही केला म्हणाल, तर तुम्ही स्पीकर लावता, आणि मी तुम्हाला विचारलेल्याची उत्तरं वन्सं स्वयंपाकघरातून देतात. हे मात्र एकट्या तुमच्यासाठी आहे.

स्टुडिओत नव्या कादंबरीचं वाचन सुरू झालंय. पुन्हा प्रेमकथाच. मागचं रेकॉर्डिंग ऐकून तुम्ही म्हणाला होतात, "हल्लीच्या प्रेमकथांत प्रेम कमी नि कॉफी जास्त." या पुस्तकात तर दोघं अर्ध्यापर्यंत नुसते मेसेज लिहितात आणि खोडतात! असं वाटतं, जाऊन दोघांच्या कानाखाली... असो.

चूपराव बरे आहेत. तुम्ही विचारलं नव्हतंत, तरी सांगितलं. तेच हो, काचेपलीकडे हेडफोन लावून रेकॉर्डिंग करतात ते. पान जरा वाजलं की हात वर, की मी गप्प; म्हणून तर मी त्यांना तोंडावरही चूपराव म्हणते. माझ्या पोटात कावळे ओरडतात तेसुद्धा त्यांना ऐकू येतात. आताशा माझ्यासाठी बिस्किटं आणून ठेवतात. तुमच्या औषधाच्या वेळाही त्यांना पाठ झाल्यात, मीच सारखी सांगत असते ना.

किती आढेवेढे घेतेय मी! सांगते.

मंगळवारी ताटातुटीचा प्रसंग वाचत होते. नायक जिना उतरतोय, नायिका दारातून त्याला हाक मारते. मी अगदी रंगले होते. हाक मारली, "चूपराव, जाऊ नका ना!"

पुस्तकात त्याचं नाव दुसरंच आहे हो, आई!

मी जीभ चावली. काचेकडे पाहिलं, तर पान वाजलं तरी थांबवणारा माणूस हात वर करेना. मग मी आपली मान खाली घालून प्रकरण संपेपर्यंत वाचत राहिले. बाहेर आले तर हे चष्मा पुसत उभे.

"ते एक वाक्य परत घ्यावं लागेल," म्हणाले.

"घेऊ की."

"पुस्तकासाठी घ्या. माझ्यासाठी नका घेऊ."

आणि मग सरळ लग्नाचंच विचारलं. या वयात मी त्या स्टुडिओच्या जिन्यात बसून मुसुमुसु रडले. मला ते आवडतात, आई. फार आवडतात. लिहून टाकलं एकदाचं.

पण अजून 'हो' म्हटलेलं नाही. तुमचा मुलगा गेला तेव्हा माझे भाऊ मला न्यायला आले होते. तुम्ही दारात आडव्या उभ्या राहून म्हणालात, "माझं एक माणूस गेलंय, दुसरं नेऊ नका." त्या शब्दावर मी इतकी वर्षं या घरात हक्काने नांदले. आता दुसऱ्याची बायको झाले तर मी तुमची कोण उरेन, याचीच धास्ती वाटते. त्यांना हे सांगितलं. म्हणाले, "मग आधी आईंना विचारा. तोवर मी थांबतो. त्यांच्या खोलीतला पंखा आवाज करतो म्हणाला होतात, तो येऊन बघू का?"

पंखा कुणी दुरुस्त केला ते कळलंच असेल.

तुम्ही नको म्हणालात तर मी रुसेन, भांडेन, वन्संना मध्ये घालेन. हो म्हणालात तर लवकर घरी या, तुमच्याशिवाय मी लग्नाला उभी राहणार नाही. यातलं काहीही झालं, तरी खालची ओळ मात्र मी परत घेणार नाही.

तुमची होते आणि तुमचीच राहीन,
सून